एकाच ब्रुअरीच्या पाच बिअर: चाखायच्या कशा, गुण द्यायचे कसे

पहिल्यांदा ओळीने पाच बिअर चाखून गुण दिले, ती वही अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या पेल एलला पाचपैकी दोन आणि शेरा एका शब्दाचा: ‘पाणी’. पाचव्या बिअरला पावणेपाच आणि शेरा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पेल एल एकटी उघडली, तर पहिल्या घोटालाच लक्षात आलं की वहीतले गुण साफ खोटे आहेत. मी सुरुवात साडेनऊ टक्के अल्कोहोलच्या बार्लीवाइनने, म्हणजे जड, कडक बिअरने केली होती, पोटात काही नव्हतं, समोर पोह्यांच्या चिवड्याचं ताट होतं आणि स्वयंपाकघरात नुकतीच हिंगाची फोडणी बसली होती. असल्या अवस्थेत दिलेले गुण बिअरचे नसतात, त्या संध्याकाळचे असतात.

त्यानंतर बरीच वर्षं हा उद्योग नीट करतोय. मी राहतो कॅलिफोर्नियात, फॉल्समला. तिथून दोन तासांच्या आत चिको गाठता येतं आणि चिकोत सिएरा नेवाडा या कंपनीची ब्रुअरी आहे. म्हणून हा लेख त्यांच्या बिअर समोर ठेवून लिहिलाय. पद्धत तीच ठेवून तुम्ही दुसरी कुठलीही ब्रुअरी घेऊ शकता.

मोठी ब्रुअरी का घ्यायची

क्राफ्ट बिअर म्हटलं की डोळ्यांसमोर गल्लीतली छोटी जागा आणि चार टाक्या येतात. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत मात्र वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत बिअर काढणारी ब्रुअरीही क्राफ्टच ठरते. अमेरिकन बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर, म्हणजे ही मर्यादा ७० कोटी लिटरची झाली! सिएरा नेवाडा त्या मर्यादेच्या खूप खाली आहे, तरी देशातल्या सगळ्यात मोठ्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांत तिचा नंबर युएंगलिंग आणि बॉस्टन बिअरच्या मागोमाग लागतो.

शिकणाऱ्याला हा मोठेपणा उपयोगी पडतो. छोट्या ठिकाणची बिअर या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरीच लागते, त्यामुळे जीभ चुकली की बिअर बदलली हे कळत नाही. इथे घाणा बदलला तरी बिअर बदलत नाही. केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमुसी यांनी १९७९ मध्ये कंपनी काढली, दूधडेअरीची जुनी भांडी जमवून १९८० च्या नोव्हेंबरात बिअर काढायला लागले आणि पेल एलचे सुरुवातीचे दहाएक घाणे ओतून दिले. बिअर वाईट नव्हती, पण दर वेळी सारखी येत नव्हती. हातात पैसा नसताना माल गटारात ओतायला काळीज लागतं. त्या हट्टाचा फायदा आज आपल्याला होतो. १९८० पासूनची ती पेल एल मोजपट्टी म्हणून वापरता येते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. त्यांच्या पेल एल, सेलिब्रेशन, टॉर्पिडो आणि बिगफूट या बिअरमागे घरचंच एल यीस्ट आहे. हे यीस्ट फारसा वास स्वतःच्या पदरचा घालत नाही. जगभरचे घरी बिअर करणारे त्याच्या वंशाला ‘चिको’ म्हणूनच ओळखतात. यीस्ट तेच राहिलं की ग्लासागणिक जो फरक जाणवतो तो माल्टचा आणि हॉप्सचा. एकच बदल समोर ठेवून शिकणं सोपं जातं.

माल्ट म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. नाचणीला मोड आणतो, वाळवतो, भाजतो आणि सत्त्व करतो, तेच इथे बार्लीचं करतात. किती भाजलं त्यावर रंग आणि खमंगपणा ठरतो. हॉप्स ही वेलीची फुलं, कडूपणा आणि वास त्यांच्याकडून येतो.

खरेदी

पाच बाटल्या किंवा कॅन: पेल एल (अल्कोहोल ५.६ टक्के, कडूपणा आयबीयू या मापात ३८), हेझी लिटल थिंग (६.७ टक्के, ३५), सेलिब्रेशन (६.८ टक्के, ६५), टॉर्पिडो (७.२ टक्के, ६५) आणि बिगफूट ही बार्लीवाइन (९.६ टक्के, ९०). सेलिब्रेशन हिवाळ्याच्या तोंडावर येते, बिगफूट वर्षाच्या सुरुवातीला. त्यामुळे पाचही एकत्र मिळण्याचा हंगाम म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. एरवी चारांवर भागवा.

दुकानात लेबलाआधी तारीख शोधा. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. पेल एल किंवा टॉर्पिडो तीन महिन्यांच्या आतली असावी, सहा महिने उलटलेली मी घेत नाही. अमेरिकेत महिना आधी छापतात हे विसरू नका. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल नव्हे, चार मार्च. मी एकदा ऑगस्टमध्ये एका दुकानात सवलतीला लावलेली सेलिब्रेशन उचलली, गेल्या हंगामातली. नऊ महिने बिनफ्रिजच्या फळीवर काढलेली ती बिअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. सवलत का होती ते कळलं.

उन्हात, शोकेसच्या दिव्याखाली ठेवलेली बाटली घेऊ नका. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, सगळा नाही. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये आणि उभी ठेवा. पेल एलच्या बाटलीत थोडं यीस्ट जाणूनबुजून ठेवलेलं असतं, आडवी ठेवली तर ते भिंतीला चिकटतं आणि ओतताना सगळा गाळ ग्लासात येतो.

हिशेब आधी, झाकण नंतर

एक बाटली ३५५ मिलिलिटरची. पाच जण असाल तर प्रत्येकाला सत्तरएक मिलिलिटर येते आणि चाखायला तेवढी भरपूर झाली. टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतल्याच बारमध्ये, चाखणीचा ग्लास बहुधा चार औंसांचा, म्हणजे साधारण १२० मिलिलिटरचा असतो. निरुपद्रवी दिसतो. पण वरच्या पाच बिअरचे पाच ग्लास घेतले तर शुद्ध अल्कोहोल सुमारे ४३ मिलिलिटर होतं, म्हणजे अमेरिकेत ज्याला एक ड्रिंक धरतात तशी जवळजवळ अडीच ड्रिंक. ६० मिलिलिटरचेच घेतले तर सव्वा. पहिल्या हिशेबात पाचव्या ग्लासाला तुमचं नाक काम करत नसतं आणि दुसऱ्यात करत असतं. फरक एवढाच, पण सगळा खेळ त्याच्यावर.

चिकोला जाऊन चाखणार असाल तर गाडी चालवणारा कोण हे घर सोडतानाच ठरवा. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि व्हिसावर असणाऱ्याचं प्रकरण नुसत्या दंडावर मिटेलच असं नाही, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर व्हिसाही रद्द होऊ शकतो. वय २१ हवं, हे सांगायला नकोच.

खोली, ग्लास, तोंड

ज्या दिवशी चाखायचं त्या दिवशी घरात उदबत्ती नको, फोडणी नको, अत्तर नको. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. हिंग आणि मोहरीचा वास पडद्यांत तासभर बसतो आणि हॉप्सचे नाजूक वास त्याखाली दबून जातात. जेवून बसा, पण जेवण आणि चाखणी यात तासाभराचं अंतर ठेवा.

ग्लास पाच सारखे हवेत. वाइनचे छोटे, तोंडाशी निमुळते ग्लास सगळ्यात बरे. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. धुताना साबणाचा अंश राहू देऊ नका आणि फडक्याने पुसू नका, उपडे घालून वाळवा. बिअर ओतल्यावर ग्लासच्या भिंतीला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास फोटोपुरता ठीक. थंडीने वास आखडतो आणि बर्फ वितळून बिअरमध्ये उतरतो.

आता चिवड्याबद्दल. तेल हा फेसाचा शत्रू. चकली, चिवडा, शेव खाऊन त्याच ओठांनी ग्लासला तोंड लावलं की दोन घोटांत फेस बसतो, आणि मग आपण वहीत लिहितो ‘फेस टिकत नाही’. शिवाय मीठ-तिखटाने कडूपणा वेगळाच लागतो. मी समोर फक्त बिनमिठाचे कुरमुरे आणि साधं पाणी ठेवतो. कालच्या पोळीचा कोरडा तुकडाही चालतो. चिवडा शेवटच्या ग्लासानंतर, तेव्हा मग कोण मोजतंय!

फ्रिजमधून काढल्या काढल्या बिअर ४ अंशांच्या आसपास असते. पेल एल, हेझी आणि सेलिब्रेशन व टॉर्पिडो या दोन आयपीए (हॉप्स जास्त असलेल्या कडू बिअर) ७ ते १० अंशांना खुलतात, म्हणजे वीसएक मिनिटं बाहेर. बिगफूटला १० ते १३ अंश लागतात, ती पाऊण तास आधी काढा. थर्मामीटर नसेल तर हाताला गार लागावी, बोटं बधिर होऊ नयेत, एवढं पुरे.

क्रम

पेल एल, हेझी, सेलिब्रेशन, टॉर्पिडो, बिगफूट. हलक्याकडून जडाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आकड्यांनी पाहिलं तर हेझीचा कडूपणा पेल एलपेक्षा कमी आहे, तरी मी ती दुसरी घेतो, कारण तिचा फळांचा वास इतका दांडगा आहे की तिच्यामागून आलेली पेल एल बिचारी मुकी वाटते. दोन ग्लासांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. पाणी प्या, कुरमुरे चघळा. नाक थकलं असं वाटलं तर स्वतःच्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, नाकाला ओळखीचं ठिकाण मिळालं की ते ताजं होतं.

डोळे: अर्धं मिनिट पुरे

चाखणीसाठी थोडी बिअर ग्लासच्या मधोमध ओता, बोटभर फेस यायला हवा. पांढऱ्या कागदासमोर धरून रंग, गढूळपणा आणि फेस बघा. पेल एल गडद सोनेरी, मधाकडे झुकणारी. सेलिब्रेशन तांब्याच्या घासलेल्या कळशीसारखी लालसर. हेझी गढूळच असणार, ती मुद्दाम न गाळलेली आहे, तिला त्याबद्दल गुण कापू नका. पेल एल किंचित धूसर दिसली तर बाटलीतला तळ ओतलात का ते आठवा. फेसाचे बुडबुडे बारीक आहेत का, पिताना ग्लासवर जाळी सोडतात का, एवढं लिहा आणि पुढे चला.

नाक: इथे वेळ काढा

चाखणी बरीचशी नाकानेच होते. ग्लासवर तळहात झाका, दोनदा हलकेच फिरवा, हात काढा आणि छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्या. एक लांब श्वास घेतलात तर नाक लगेच सरावतं आणि पुढचं काही सांगत नाही. पहिल्या हुंग्याला जे सुचेल ते लगेच लिहा, चूक असलं तरी.

लिहायचं कोणत्या शब्दांत, इथेच मराठी माणूस अडकतो. इंग्रजी वर्णनांत पेल एलबद्दल ग्रेपफ्रूट आणि पाइन हे दोन शब्द हमखास असतात. मीही वर्षभर वहीत तेच उतरवत होतो आणि खरं सांगायचं तर मला तसलं काही येत नव्हतं. मी लहानपणी ग्रेपफ्रूट पाहिलंच नव्हतं. मग एकदा मित्राकडे चाखणीला बसलो होतो. वहिनी पीत नाहीत, पण कुतूहलाने त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “भावजी, हा तर पपनसाचा वास. गणपतीत पपनस सोललं की हाताला दिवसभर येतो ना, तो.” मी परत हुंगलं आणि एकदम उजेड पडला. पपनसाची साल, जाड, तेलकट, कडवट. ग्रेपफ्रूट हा पपनसाचाच वंशज, त्यामुळे वहिनींचं नाक अगदी मुळाशी गेलं होतं. हा वास कॅस्केड जातीच्या हॉप्सचा. ही जात ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून तयार झाली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. सिएरा नेवाडाच्या पेल एलने तो वास अमेरिकेच्या गळी उतरवला.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की उसना शब्द वहीत घ्यायचा नाही. ज्या वासाची आठवण माझ्या नाकात आहे, तोच शब्द लिहायचा. पाइनला मी ‘राळ’ लिहितो, कधी ‘रंधा मारलेली देवदाराची फळी’. सेलिब्रेशनमध्ये कॅस्केडबरोबर सेंटेनियल आणि चिनूक हॉप्स असतात, तिथे ही फळी स्पष्ट येते. हेझीत सिट्रा, मोझॅइक, एल डोराडो वगैरे मंडळी आहेत. तिथे मला पिकलेल्या पेरूंची टोपली आठवते आणि थोडा उतरू लागलेला आंबा. बिगफूटमध्ये काकवी, खजूर, भिजवलेले मनुके. पेल एलच्या माल्टला मी ‘मारी बिस्कीट’ लिहिलंय, कुणी ‘पावाची खरपूस कड’ लिहील. दोन्ही चालतील.

मराठीत या कामासाठी शब्दांची श्रीमंती आहे, आपण वापरत नाही एवढंच. खमंग, खरपूस आणि करपट या तीन पायऱ्या भाजलेपणाच्या. आंबूस वेगळं, आंबट वेगळं. कुबट म्हणजे बंद खोलीचा वास आणि खवट म्हणजे जुन्या खोबऱ्याचा. पांचट, मचूळ, उग्र, तुरट, जहाल. वहीच्या पहिल्या पानावर हे शब्द लिहून ठेवा, चाखताना समोर असले की हात थांबत नाही.

जीभ

मोठा घोट घ्या, तोंडभर फिरवा आणि गिळा. वाइनसारखं थुंकू नका, कडूपणाचा शेवट गिळल्यावर कळतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशामागून नाकात चढणारा हा वास पुष्कळदा हुंगण्यातून सुटलेल्या गोष्टी सांगतो. मग तीन प्रश्न: आधी काय आलं, मध्ये काय होतं, शेवटी काय राहिलं? पेल एलमध्ये आधी पावाची गोडसर कड, मध्ये पपनस, शेवटी स्वच्छ कडूपणा जो दहा-पंधरा सेकंदांत विरतो आणि पुढचा घोट मागतो.

कडूपणाची जात ओळखा. आयबीयूचा आकडा कडू घटक किती आहेत ते सांगतो, ते तुम्हाला किती लागतील ते सांगत नाही, कारण माल्टचा गोडवा त्यांना झाकतो. बिगफूट ९० आयबीयूची आहे, पण ६५ च्या टॉर्पिडोपेक्षा ती आकड्याच्या प्रमाणात जास्त कडू लागत नाही. मी चार खुणा धरल्यात: मेथीदाण्याचा कडूपणा (हळू चढतो), कारल्याचा (रेंगाळतो), मोसंबीच्या पांढऱ्या सालीचा (कोरडा) आणि उकळून उकळून काळा झालेल्या चहाचा (तुरट, हिरड्या ओढणारा). पहिले तीन आयपीएत शोभतात, चौथा जास्त झाला तर दोष. टॉर्पिडो माझ्या मते मोसंबीच्या सालीच्या घरातली. तिच्या नावामागे एक यंत्र आहे. हॉप्सची अख्खी फुलं भरलेल्या स्टीलच्या उभ्या नळकांड्यातून बिअर फिरवत ठेवतात, त्यामुळे तेलं उतरतात आणि वास वाढतो, उकळण्याचा कडूपणा न घेता.

तोंडातला स्पर्श शेवटी. जड की हलकी, बुडबुडे टोचतात की गुदगुल्या करतात, अल्कोहोलची ऊब घशात जाणवते का. हेझीत ओट्स आणि गहू आहेत, ती तांदळाच्या पेजेसारखी गुळगुळीत लागते. बिगफूटची ऊब चालेल, जाळ नको.

दोष ओळखायची घरगुती शाळा

दोष नुसते वाचून कळत नाहीत, मुद्दाम घडवून बघावे लागतात. पेल एलचे दोन ग्लास भरा. एक स्टीलच्या वाटीने झाकून कपाटात ठेवा, दुसरा वीस मिनिटं उन्हात. मग दोन्ही हुंगा. उन्हातल्याला जो घाणेरडा, रबर जळल्यासारखा वास येतो तो प्रकाशाने हॉप्सच्या कडू घटकांची मोडतोड झाल्याचा. कॅलिफोर्नियात रात्री हायवेवर स्कंक (घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी) चिरडला गेला की गाडीत जे शिरतं, तेच हे. हा प्रयोग एकदा केलात की हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बिअर विकत घेताना हात आखडेल.

दुसरा प्रयोग सवडीचा. एकाच तारखेच्या दोन बाटल्यांपैकी एक फ्रिजमध्ये आणि एक उन्हाळ्यात गॅरेजमध्ये महिनाभर. गॅरेजमधलीत पपनस गेलेलं असतं आणि ओल्या पुठ्ठ्याची किंवा शिळ्या मधाची झाक येते. बाकी खुणा अशा: बटर पॉपकॉर्न आलं तर आंबवणं अर्धवट राहिलं किंवा नळ्या अस्वच्छ, हिरव्या सफरचंदाची साल आली तर बिअर कच्ची, उकडलेल्या मक्याचं पाणी आलं तर उकळण्यात कसर, व्हिनेगर आलं तर जंतू शिरले. केळं आणि लवंग मात्र जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये गुण आहेत, पेल एलमध्ये दोष. म्हणजे वास चांगला की वाईट हे बिअर कोणत्या जातीची आहे त्यावर ठरतं.

गुण

इथपर्यंत एकही आकडा लिहायचा नाही. आधी आकडा सुचला की मन त्याची वकिली करायला लागतं. पूर्ण नोंद झाल्यावरच गुण.

मी बीजेसीपीची ५० गुणांची पद्धत वापरतो. १९८५ पासून बिअरचे परीक्षक तयार करणारी ही अमेरिकन संस्था. तिची विभागणी अशी: वास १२, रूप ३, चव २०, स्पर्श ५, एकंदर मत १०. रूपाला तीनच गुण आहेत हे मला फार आवडतं, कारण फोटोत सुंदर दिसणाऱ्या बिअरला आपण उगाच भुलतो. ४५ पासून वर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ बरी, त्याखाली काहीतरी बिघडलंय.

माझी पेल एलची गेल्या वेळची नोंद, पाच आठवड्यांची बाटली:

वास ९: पपनसाची साल, मागे मारी बिस्कीट, किंचित राळ. आणखी जोरकस चालला असता. रूप ३: गडद सोनेरी, फेस बारीक, जाळी सोडतो. चव १६: गोड-कडू तोल चोख, शेवट कोरडा. स्पर्श ४: मध्यम, बुडबुडे जरा टोचरे. एकंदर ८: दुसरा ग्लास मागावासा वाटतो. बेरीज ४०.

हेझीला मी ३५ दिले (९, ३, १३, ४, ६). मला ही जात आवडत नाही, गोडसर लागते. पण गुण देताना प्रश्न ‘मला आवडली का’ हा नसून ‘हेझी आयपीए म्हणून कशी आहे’ हा असतो. तिच्या जातीत कडूपणा दबलेला आणि गढूळपणा अपेक्षित आहे, त्याबद्दल शिक्षा करणं म्हणजे पुरणपोळी तिखट नाही म्हणून गुण कापणं. आवडीचा रकाना मी वेगळा ठेवतो आणि त्यात बेधडक लिहितो. हेझीसमोर तिथे लिहिलंय: ‘फुकट मिळाली तर.’

बिअरला गुण द्यायच्या अनटॅप्डसारख्या ॲपवर पाचपैकी पाव-पाव गुणांच्या पायऱ्या आहेत. तिथे थेट दहाने भागू नका. स्वतःसाठी खुंट्या ठोका. रोज विकत घेईन अशी बिअर ३.७५, ओळखीच्यांना फोन करून सांगेन अशी ४.२५, ग्लास अर्धा टाकला अशी २. वर्षभर त्याच खुंट्या ठेवल्या तर आकड्यांना अर्थ राहतो. सगळ्यांनाच ४ देणाऱ्याच्या यादीतून त्याला स्वतःलाही काही कळत नाही.

झाकून परीक्षा

लेबल दिसलं की नाक खोटं बोलतं. म्हणून दोन परीक्षा स्वतःच्या घ्या. पहिली तीन ग्लासांची: घरातल्या कुणाला तरी दोन ग्लासांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतायला सांगा आणि वेगळा ग्लास ओळखा. सेलिब्रेशन आणि टॉर्पिडोवर करून बघा. रंगाने चोरी होते, म्हणून डोळे मिटून. नुसता अंदाज ठोकला तरी तीनातून एकदा बरोबर येणार, त्यामुळे एका यशावर मिशीला पीळ देऊ नका. सहापैकी पाच वेळा जमलं तर ते केवळ नशिबाने होण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी आहे. अर्थात सहा फेऱ्या एका बैठकीत नकोत, तीन दिवसांत दोन-दोन करा आणि ग्लासात दोनच घोट घ्या.

दुसरी परीक्षा जास्त बोचरी. पाच ग्लासांच्या ओळीत ओतणाऱ्याने गुपचूप एकच बिअर दोनदा ठेवायची. दोन्हींना दिलेल्या गुणांत तीन-चारांपेक्षा जास्त फरक पडला तर त्या दिवसाची पूर्ण वही पेन्सिलीने काट मारून ठेवायची. माझ्या तर एकदा नऊ गुणांचा फरक पडला होता. ओतणारी बायको होती. तिने ते अजून विसरू दिलेलं नाही.

चिकोला गेलात तर

ईस्ट ट्वेंटिएथ स्ट्रीटवर ब्रुअरी आहे. जर्मनीतल्या बंद पडलेल्या ब्रुअरीतून आणलेली तांब्याची कढई पाहण्यासारखी आहे. टॅपरूममध्ये आधी पेल एल मागा, कितीही वेळा प्यायली असलीत तरी. घरच्या बाटलीची वही सोबत न्या आणि तिथल्या ताज्या बिअरची नोंद तिच्याशेजारी लिहा. वाहतूक आणि फळीवरचे दिवस बिअरमधून काय घेऊन जातात ते त्या दोन रकान्यांत दिसतं. नंतर बाहेर न मिळणारी एखादी घ्या. जेवण सगळं चाखून झाल्यावर मागवा, किचनमधल्या लसणाने माझी एक अख्खी दुपार वाया घालवली आहे.

पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या मिल्स रिव्हरला २०१४ पासून त्यांची दुसरी ब्रुअरी आहे.

वही आणि मागे ठेवलेली बाटली

प्रत्येक नोंदीत बिअरचं नाव, छापलेली तारीख, चाखल्याची तारीख, बाटली की कॅन की नळ, आणि त्या दिवशी सर्दी होती का, एवढं असू द्या. पेल एलच्या तीन नोंदी तीन वेगळ्या महिन्यांत झाल्या की सरासरी काढा, एका नोंदीवर अंतिम गुण देऊ नका. सेलिब्रेशनच्या नोंदीला साल जरूर लावा. ती त्या हंगामात कापून वाळवलेल्या पहिल्या हॉप्सची असते आणि पीक दर वर्षी सारखं येत नाही.

बिगफूटच्या मात्र दोन बाटल्या घ्या. ताजीला यंदा ३९ मिळाले: राळ आणि काकवी एकमेकांशी भांडतात, कडूपणा वरचढ. दुसरीच्या मानेला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर साल लिहा आणि फ्रिजच्या अगदी मागे, उभी ठेवा. वर्षाने कडूपणा ओसरतो, खजूर पुढे येतो, शेरी वाइनसारखी झाक दिसू लागते. पुढच्या फेब्रुवारीत नवी बाटली येईल, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी उघडा. जुनी आधी ओता.